तक्त्यातले मोकळे घर

खेड्यातल्या घरात पुस्तकांचे कपाट असेल वा नसेल, पण पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला एक तक्ता हमखास असतो. तो म्हणजे सातबाऱ्याचा उतारा. वर गाव नमुना सात, खाली गाव नमुना बारा. वर जमीन कोणाची, किती, तिच्यावर हक्क कोणाचा. खाली कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात, कोणते पीक. खालच्या भागात तर एका मोठ्या मथळ्याच्या पोटात लहान मथळे आणि त्यांच्या पोटात पुन्हा रकाने. जलसिंचित क्षेत्र एका घरात, अजलसिंचित दुसऱ्या घरात. आता समजा, लिहिताना आकडा एक घर सरकला. कागद तोच, आकडा तोच; पण कोरडवाहू रान कागदोपत्री बागाईत होऊन बसले! तेव्हा तक्त्यात आकड्याला जितकी किंमत, तितकीच तो कोणत्या घरात बसला आहे यालाही आहे. आज मी एवढेच सांगणार आहे. मात्र माझा तक्ता कागदावरचा नाही, विकीवरचा आहे.

विकी म्हणजे काय? आपल्यापैकी पुष्कळांनी विकिपीडिया पाहिला असेल. मराठी विकिपीडिया २००३ सालच्या मे महिन्यात सुरू झाला. पण विकी ही कल्पना त्याहून जुनी. १९९५ साली अमेरिकेत वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या गृहस्थांनी असे एक संकेतस्थळ उभे केले, की वाचणाऱ्याला तेच पान तिथल्या तिथे दुरुस्त करता यावे. नाव घेतले हवाई बेटांतल्या भाषेतून. होनोलुलूच्या विमानतळावर ‘विकी विकी’ नावाची बस धावत असे. विकी म्हणजे लवकर. विकी विकी म्हणजे झटपट. आपल्या भाषेत सांगायचे, तर चावडीवर टांगलेला फळा. खडू कोणीही घ्यावा आणि लिहावे. फरक एवढाच, की या फळ्यावरचे पुसलेले कधी नाहीसे होत नाही. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद मागे राहते. हा गुण लक्षात ठेवा. पुढे तोच कामाला येणार आहे.

मी भूगोल शिकवतो. आमचे कॉलेज अवर्षणाच्या पट्ट्यात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावी पावसाचे माप घेऊन, पाण्याचा ताळेबंद मांडून, मग कोणते पीक घ्यायचे ते ठरवतात, हे आपण ऐकले असेल. तेवढी मोठी झेप आमची नव्हे. पण एका ओढ्याच्या काठची तीन गावे आम्ही निवडली. त्यांना मी वरचे गाव, मधले गाव आणि खालचे गाव एवढेच म्हणतो. तिन्ही शाळांच्या अंगणात पर्जन्यमापक बसवले. प्रत्येक गावातली एक विहीर ठरवली. दर आठवड्याला पाऊस मिलिमीटरमध्ये आणि विहिरीचे पाणी काठापासून किती मीटर खाली आहे, ते मुलांनी वहीत लिहायचे. मग तीन वह्यांचा मिळून एक तक्ता विकीवर करायचा, म्हणजे तिन्ही गावांना एकमेकांचे पाणी दिसेल. बेत असा होता.

त्यासाठी आम्ही डोकुविकी घेतली. जर्मनीतल्या आंद्रेआस गोर यांनी ती २००४ साली बाहेर काढली. तिला पैसे पडत नाहीत. तिची पाने साध्या मजकुराच्या फायलींत राहतात, त्यामुळे शाळेतल्या जुन्या संगणकावरही तिचे भागते. आणि तिच्यात तक्ता लिहायची रीत इतकी साधी आहे, की ती आकाशवाणीवरून तोंडी सांगता येते. पाहा, कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या.

साध्या घरापुढे एक उभी रेघ काढायची. मथळ्याच्या घरापुढे रेघेऐवजी टोपीसारखी खूण करायची, आपण ‘वर्ग’ दाखवताना संगणकावर करतो ती. एका घराची शेवटची खूण तीच पुढच्या घराची पहिली खूण. जसे दोन शेतांच्या मधला बांध दोघांचाही एकच. ओळ संपली, की शेवटची खूण करून खालच्या ओळीवर यायचे. झाला तक्ता.

आता जरा गुंतागुंतीचा तक्ता घेऊ. आमच्या तक्त्यात जुलै हा एक मथळा, आणि त्याच्या पोटात चार आठवडे. म्हणजे ‘जुलै’ हे घर चार घरांइतके रुंद हवे. त्यासाठी ‘जुलै’ लिहून पुढच्या खुणा एकमेकींना चिकटवायच्या, मध्ये जागा मुळीच सोडायची नाही. चिकटलेली घरे डावीकडच्या घरात मिसळतात. तसेच ‘वरचे गाव’ हे नाव पाऊस आणि विहीर अशा दोन ओळींना मिळून एकदाच हवे. त्यासाठी खालच्या ओळीतल्या घरात विसर्गासारखी टिंबांची जोडी तीनदा लिहायची. याचा अर्थ, ‘हे घर वरच्या घराचेच आहे.’ अशा चार ओळी झाल्या:

^ गाव ^ नोंद ^ जुलै ^^^^
^ ::: ^ ::: ^ पहिला ^ दुसरा ^ तिसरा ^ चौथा ^
^ वरचे गाव ^ पाऊस | १२ | ३८ | नोंद नाही | ० |
^ ::: ^ विहीर | ६.१ | ५.७ | ५.९ | ६.२ |

टोप्या आणि रेघा मिळून प्रत्येक ओळीत खुणा मोजा. सात भरतील. वरच्या ओळीत सात, खालच्या ओळीत सात. एखाद्या ओळीत सहाच भरल्या, तर कुठेतरी बांध कोरला गेला आहे असे समजावे. मी मुलांना हाच ताळा शिकवला होता, आणि याच ताळ्यावर विसंबून मी फसलो.

ती हकीकत सांगतो.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. पाऊस लहरी झाला होता. ऑगस्टच्या आरंभी वरच्या गावच्या शाळेत बैठक भरली. पेरणी वाया गेल्याचा अर्ज गावाने करायचा आणि त्याला आमचा तक्ता जोडायचा, असे ठरत होते. मी मोठ्या हौसेने तक्ता छापून नेला होता. सुबक दिसत होता. तो हातोहाती फिरला. मागच्या बाजूला एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी नातू. नातवाने तक्ता वाचून दाखवला आणि बाई उठून उभ्या राहिल्या.

“सर, ह्या कागदात जुलैच्या तिसऱ्या हप्त्याला पाऊस किती म्हनलात?”

मी कागद पाहिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्याखाली मिळून एक आकडा होता, अडतीस.

मी म्हणालो, “अडतीस मिलिमीटर, काकू.”

“तुमच्या कागदात पाऊस पडला आन् माझ्या रानात धूळ उडाली? त्याच हप्त्यात माझं उगवलेलं करपलं. दुबार पेरणी केली मी. ह्यो कागद जोडला तर मला खोटं पाडतील की वो!”

बैठकीत कोणी बोलेना. मीही काय बोलणार? मी त्या संध्याकाळी कॉलेजात परत आलो आणि विकीवरची त्या पानाची जुनी रूपे उघडली. मघाशी म्हटले ना, इथले पुसलेले नाहीसे होत नाही. डावीकडे आधीचे पान, उजवीकडे नंतरचे पान, आणि फरक तेवढा रंगवून दाखवलेला. एका विद्यार्थ्याने घाईत ती ओळ भरली होती. अडतीसच्या पुढे दोन रेघा चिकटून पडल्या होत्या. त्याची वही मागवली. वहीत तिसऱ्या आठवड्यापुढे नुसती आडवी रेघ होती. शाळेच्या अंगणात मुलांचा चेंडू लागून पर्जन्यमापकाची बाटली फुटली होती, म्हणून त्या आठवड्यात माप घेतलेच नव्हते. मुलाने विचार केला, लिहायला काही नाही, तर घर मोकळे सोडू. पण मोकळे सोडताना दोन रेघांच्या मध्ये एक जागा सोडावी लागते. ती त्याने सोडली नाही. डोकुविकीला वाटले, घरे जोडायची आहेत. तिने दुसऱ्या आठवड्याचा पाऊस तिसऱ्या आठवड्यावर पसरून दिला.

आणि माझा ताळा? खुणा मोजल्या, तर त्या सातच भरत होत्या! बांध एकही कमी नव्हता. कमी होती ती एक मोकळी जागा. बोटभरसुद्धा नाही. पण तेवढ्याने एका बाईच्या रानात न पडलेला पाऊस पडला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला घेऊन मी वरच्या गावी गेलो. काकूंना चूक दाखवली. त्यांचे समाधान झाले. मग त्या म्हणाल्या, “आता तिथं शून्य लिवा.”

श्रोतेहो, इथे माझी खरी परीक्षा होती. बाईंचे म्हणणे खरे होते, याविषयी मला शंका नव्हती. शून्य लिहिले असते, तर त्याही खूश आणि माझी चूकही धुऊन निघाली असती. पण शून्याचा अर्थ ‘मापले आणि पाऊस नव्हता’ असा आहे. आम्ही तर मापलेच नव्हते. मी तसे त्यांना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं, मग जे हाय तेच लिवा. पर खोटं भरू नका.”

आम्ही त्या घरात ‘नोंद नाही’ असे लिहिले. त्यापुढे दुहेरी कंसात बाटली फुटल्याची हकीकत लिहिली. डोकुविकी दुहेरी कंसातला मजकूर पानाच्या तळाशी टीप म्हणून नेते. विहिरीचे माप मात्र त्या आठवड्यात घेतलेले होते. पाणी वर यायचे सोडून खाली गेले होते. ते माप त्याच रकान्यात, खालच्या ओळीत, आपोआपच बाईंच्या बाजूने बोलत होते. सुधारलेला तक्ता अर्जाला जोडला. पुढे अर्जाचे व्हायचे ते झाले. पण आमच्या कागदाने कोणाला खोटे पाडले नाही, एवढे मी सांगू शकतो.

यानंतर आम्ही प्लगइनचा आधार घेतला. प्लगइन हा शब्द ऐकून बिचकू नका. ट्रॅक्टर एकच असतो. पण मागे कधी नांगर जोडतो, कधी पेरणीयंत्र, कधी ट्रॉली. मूळ यंत्राला जे काम येत नाही, ते मागचे अवजार करते. विकीची प्लगइन म्हणजे असेच मागे जोडायचे अवजार. तक्त्यांसाठी डोकुविकीला ‘एडिटटेबल’ नावाची प्लगइन जोडता येते. मग तक्त्याखालचे संपादनाचे बटण दाबले, की रेघा आणि टोप्या दिसतच नाहीत. आखलेली घरे समोर येतात, हिशेबाच्या वहीसारखी. घरात टिचकी मारावी आणि आकडा लिहावा. माउसचे उजवे बटण दाबले, की ओळ वाढवा, रकाना काढा, हे घर मथळ्याचे करा, ही घरे जोडा, अशी यादी उघडते. साठवताना खुणा ती स्वतः लिहिते, आणि मोकळ्या घरात आवश्यक ती जागाही स्वतःच सोडते. त्या मुलाच्या हातून झालेली चूक तिच्या हातून सहसा होत नाही. शिवाय जोडलेले घर डोळ्यांना जोडलेलेच दिसते, त्यामुळे भलते काही जोडले गेले तर लगेच ध्यानात येते.

पण ध्यानात घ्या, प्लगइन घर सांभाळते. घरात राहणारा खरा की खोटा, हे तिला कळत नाही. बाटली फुटली होती हे तिला कोण सांगणार? ते आपणच सांगायचे. म्हणून आमचा नियम असा झाला, की आमच्या तक्त्यात मोकळे घर ठेवायचेच नाही. पाऊस नसेल तर शून्य. माप नसेल तर ‘नोंद नाही’. मोकळे घर म्हणजे विचारायचे राहून गेलेला प्रश्न.

आता थोडे सजावटीविषयी. शिक्षकबंधुभगिनींना यात विशेष गोडी असते, आणि ती असावीच. पहिली गोष्ट, आकडे उजवीकडे लावावेत. पहिलीच्या वर्गात आपण एककाखाली एकक, दशकाखाली दशक मांडायला शिकवतो, तेच इथे. डोकुविकीत आकड्याच्या डावीकडे निदान दोन जागा सोडल्या, की तो उजवीकडे सरकतो. उजवीकडे दोन सोडल्या, तर मजकूर डावीकडे राहतो. दोन्हीकडे सोडल्या, तर मधोमध येतो. वरच्या ओळींत मी एकेकच जागा सोडली आहे, आपण दोन सोडून पाहा.

दुसरी गोष्ट, रंग. घरांना रंग देणाऱ्या, रकान्यांची रुंदी ठरवणाऱ्या, तक्त्याभोवती चौकट घालणाऱ्या निरनिराळ्या प्लगइन मिळतात. मीही सुरुवातीला कोरडे आठवडे तांबडे आणि ओले आठवडे हिरवे केले होते. पडद्यावर फार छान दिसले. शाळेच्या छपाईयंत्रावर छापले, तर दोन्ही रंग सारखेच करडे! शिवाय तांबडा आणि हिरवा हे रंग ज्यांना वेगळे ओळखू येत नाहीत, अशी माणसे आपल्यात असतात. आमच्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी आहे. त्याचा संगणक त्याला पान वाचून दाखवतो. त्याने मला विचारले, “सर, कोरडा आठवडा कोणता, हे यात कुठंच लिहिलेलं नाही. मी कसं ओळखायचं?” तेव्हापासून आधी शब्द लिहायचा, मग हवा तर रंग द्यायचा. मथळ्याच्या घरांना टोपीचीच खूण करायची, नुसती अक्षरे ठळक करून भागवायचे नाही. टोपी असली, की वाचून दाखवणाऱ्या संगणकाला ‘हा मथळा आहे’ असे समजते, आणि तो आकड्याबरोबर त्याचा मथळाही सांगू शकतो.

तिसरी गोष्ट, घरे जोडण्याचा मोह आवरावा. जोडलेली घरे दिसायला नेटकी असतात, पण पाऊस चढत्या क्रमाने लावून पाहायचा म्हटले, की तीच आडवी येतात. त्यावर तोड अशी, की दोन तक्ते ठेवावेत. कोठीतले धान्य पोत्यांत सरळ रचलेले असते. पंगतीत ते वाढून येते. तसा एक कोठीतला तक्ता ठेवावा. त्यात काही जोडायचे नाही, प्रत्येक ओळीत गाव, महिना, आठवडा, पाऊस, विहीर, सगळे पुन्हापुन्हा लिहायचे. आणि दुसरा पंगतीतला तक्ता, लोकांना दाखवायचा, जोडलेल्या घरांचा आणि सजवलेला. दुसरा नेहमी पहिल्यावरून करायचा; पहिला दुसऱ्यावरून कधीही करू नये.

आणि एक बारीकशी गोष्ट. डोकुविकीत तक्त्याची प्रत्येक ओळ एकाच ओळीत लिहावी लागते. मध्येच खाली उतरलात, तर तक्ता तिथेच तुटतो. एका घरात फार मजकूर मावत नाही, अशी कुरकूर मी ऐकतो. मला वाटते, तो दोष नसून इशारा आहे. ज्या घरात एवढा मजकूर लागतो, त्यात एकाऐवजी दोन-तीन गोष्टी कोंबलेल्या असतात. एका घरात एकच गोष्ट असावी.

शाळेत हे करून पाहायचे असेल, तर आरंभ पावसापासून करा, नाही तर शाळेच्या वेळापत्रकापासून करा. वेळापत्रक हासुद्धा चांगला गुंतागुंतीचा तक्ता आहे: जोडतास, मधली सुट्टी, एकच शिक्षक दोन वर्गांवर. आधी कागदावर आखा. कोणते घर कशाचे, ते मुलांना ठरवू द्या. मग संगणकावर साध्या खुणांनी लिहा. प्लगइन त्यानंतर जोडा आणि रंग सगळ्यांत शेवटी. खुणा हाताने लिहिलेल्या मुलाला प्लगइन काय करते ते कळते. ज्याने कधी लिहिल्याच नाहीत, त्याला चूक कुठे झाली हे शोधता येत नाही. आणि बदल साठवताना खाली ‘काय बदलले’ याची एक ओळ लिहायची सवय मुलांना लावा. त्या विद्यार्थ्याला मी रागावलो नाही. त्याला मी तीच ओळ लिहायला लावली. त्याने लिहिले, ‘माझी चूक दुरुस्त केली. तिसऱ्या आठवड्याची नोंद नाही.’ आजही ते पान उघडले, की ती ओळ तिथे आहे. मोठ्यांच्या कागदांत अशी ओळ मला फारशी वाचायला मिळालेली नाही.

त्या काकू अधूनमधून भेटतात. तक्ता लावला, की नातवाकडून वाचून घेतात आणि एखाद्या घरावर बोट ठेवून विचारतात, “हे मापून लिवलंय का उगाच?” आमच्या प्लगइनला जे विचारता येत नाही, ते त्या विचारतात. श्रोतेहो, आपल्या गावचा तक्ता कोणी लिहीत असेल, तर आपणही हा प्रश्न विचारत राहा.